सहीचा रकाना

तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा कुठे शीर सापडली. थोरलीने डाव्या हाताने शेपटी वर उचलून धरली होती, उजव्या हातात काचेची नळी होती, आणि खोड्यात अडकवलेली गाय मागच्या पायांनी लोखंडी आडव्यावर लाथा घालत होती. नळीत रक्त येत होतं ते थेंबाथेंबाने, उपकार केल्यासारखं.

"उरका वहिनी," पुढून भाऊजी म्हणाले. "गिऱ्हाईक तापलंय."

भाऊजींनी गायीच्या नाकपुड्यांत दोन बोटं घालून तिचं तोंड वर ओढून धरलं होतं. दीर तसे मायाळू, पण त्यांची माया पैलवानाची होती. मिठी मारली तरी समोरच्याच्या बरगड्या मोजल्या जायच्या. या एका गायीला खोड्यात घालायला त्यांना वीस मिनिटं लागली होती. त्यात एक दोर तुटला, एक बादली लवंडली आणि भाऊजींच्या पायावर एकदा खूर पडला.

नळी भरली. थोरलीने ती सावकाश पाच-सहा वेळा उलटीसुलटी केली आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: तेवीस, दिवस शून्य. गाय पहाटे व्याली होती. वासरू कोपऱ्यात गवतावर बसून स्वतःच्याच पायांकडे आश्चर्याने बघत होतं.

गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, नळाखाली, भाऊजींची बायको, धाकटी, दुधाचे कॅन धूत होती. थोरलीनेच तिला त्या कामावर पाठवलं होतं. कॅन सकाळीच धुऊन पालथे घातलेले होते, हे दोघींनाही माहीत होतं.

वहीत थोरलीने वेळ लिहिली, नळीचा क्रमांक लिहिला. पुढचा रकाना होता 'गाय धरणाऱ्याचे नाव'. तिथे तिने नेहमीप्रमाणे 'मदतनीस' असं लिहिलं. त्यापुढचा सहीचा रकाना नेहमीप्रमाणे कोरा ठेवला, वही मिटली, आणि नळ्यांचा थंड डबा स्कूटरला अडकवून ती प्रयोगशाळेकडे निघाली.

थोरलीचं काम सांगायला सोपं होतं. गाय विण्याच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे तिच्या रक्तातले राखणदार पेंगायला लागतात. एरवी बाहेरचा जंतू दिसला की त्याला गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी या दिवसांत सुस्तावतात. त्यातच शरीरातली उरलीसुरली शिबंदी वासरासाठी चिकात उतरते. म्हणजे घरात सगळ्यांत जास्त येणं-जाणं असतं नेमक्या त्या वेळी दार सताड उघडं. म्हणून कास सुजते ती याच दिवसांत, वासरामागून पडायची वार अडकते आणि गर्भाशय नासतं तेही याच दिवसांत. खनिजं आणि जीवनसत्त्वं असलेली एक पूड आधीपासून खाऊ घातली तर हे राखणदार जागे राहतात का, एवढंच तिला बघायचं होतं. घरच्याच गोठ्यातल्या बारा गायी. सहा जणींना लाल पाकिटातली पूड, सहा जणींना निळ्या पाकिटातली. खरी पूड कोणत्या रंगात आणि नुसता कोंडा कोणत्या, ते फक्त तिच्या मार्गदर्शक मॅडमना ठाऊक. प्रत्येक गायीचं रक्त पाच वेळा: विण्याच्या एकवीस दिवस आधी, सात दिवस आधी, त्या दिवशी, मग सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. बारा पंचे साठ नळ्या. या साठ नळ्यांवर तिची पदवी अवलंबून होती. लग्नाआधी सोडलेली आणि लग्नानंतर नऊ वर्षांनी, अख्ख्या घराची मनधरणी करून, पुन्हा हातात घेतलेली पदवी.

गायींना तिच्या लेखी नंबर होते. धाकटीने त्यांना नावं ठेवली होती, तीही 'ठेवली' या शब्दाच्या दोन्ही बाजूंनी. तेवीस नंबर म्हणजे वकीलीण, कारण तिला काहीही म्हटलं तरी ती उलट हंबरायची. नऊ नंबर म्हणजे मास्तरीण. चौदा नंबर पायरीपायरीला थबकायची, ती आत्याबाई. धाकटी घरात आली तेव्हा तिचं शिक्षण आठवीपर्यंतचं होतं आणि गोठा तिने माहेरी पाहिलेलाही नव्हता. सहा महिन्यांत गायी तिच्या मागेमागे फिरू लागल्या. खोड्याकडे न्यायची असली की ती दोरही लावत नसे. कानामागे हात ठेवायची, काहीतरी पुटपुटायची, आणि पाचशे किलोचं धूड तिच्याबरोबर बाजाराला निघाल्यासारखं चालू लागायचं. सुई टोचली तरी कातडी फक्त थरथरायची. पहिल्या फटक्यात शीर, अर्ध्या मिनिटात नळी.

सुरुवातीला थोरलीला ते बरं वाटलं होतं. काम सोपं झालं होतं.

मग नऊ नंबरचं प्रकरण झालं. त्या गायीच्या रक्तात थोरलीला काहीच वावगं दिसलं नव्हतं. संख्या ठीक, पेशींची भूक ठीक. त्याच दिवशी धाकटीने गव्हाणीत वैरण टाकता टाकता म्हटलं, "मास्तरीण पडणार बघा. खाते, पण मन नाही खाण्यात." तिसऱ्या दिवशी नऊ नंबरच्या मागच्या सडातून दुधाऐवजी गुठळ्या आल्या.

संध्याकाळी चहाला सगळे बसले होते. सासूबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि सहज म्हणाल्या, "एकीला टोचल्याशिवाय कळत नाही, एकीला हात लावला की कळतं. देवाने एकेक घडवलंय."

सगळे हसले. थोरलीचा नवराही हसला, आणि वर म्हणाला, "तिच्या हाताला गुणच आहे." वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. थोरलीने आपला कप उचलला, मोरीत नेऊन विसळला, आणि बराच वेळ विसळत राहिली.

नऊ वर्षं या घरात ती 'शिकलेली' म्हणून वावरली होती. कुणाला ताप आला, औषधाच्या डब्यावरचं बारीक वाचायचं असलं, पशुवैद्याशी फोनवर बोलायचं असलं की हाक तिला यायची. आता भाऊजी दारातूनच विचारायचे, "अगं, आत्याबाई रवंथ करीना, बघतेस का जरा?" आणि ते थोरलीला नसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घ्यायचं होतं. धाकटी पदर खोचून खोड्याजवळ येऊन उभी राहिली.

"तू राहू दे," थोरली म्हणाली. "भाऊजींना पाठव. तू तेवढे कॅन धुऊन टाक."

धाकटीने कॅनकडे पाहिलं. मग थोरलीकडे पाहिलं. "बरं ताई," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर नेहमी असं झालं असं नाही. पुष्कळदा वेळ कमी असायचा, प्रयोगशाळेत दोन तासांच्या आत पोचायचं असायचं, मग थोरली निमूट धाकटीला हाक मारायची. पण घरात कुणी धाकटीचं कौतुक केलेलं असलं, किंवा नुसतंच तिच्या नावाने कुणी मोकळं हसलेलं असलं, की दुसऱ्या दिवशी धुतलेले कॅन पुन्हा धुतले जायचे. एकदा धाकटीने विचारलंही होतं, "ताई, तुमच्या त्या यंत्रातून काय दिसतं? एकदा दाखवाल मला?"

"बघू," थोरली म्हणाली होती.

साठावी नळी तपासून झाल्यावर चार दिवसांनी मॅडमनी तिला बोलावलं. त्यांच्या खोलीत कागदांना बसायला खुर्च्या होत्या, माणसांना नव्हत्या. त्यांनी एका खुर्चीवरचा गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि पडद्यावरचा आलेख तिच्याकडे वळवला.

"हे लाल, हे निळे. काही दिसतंय?"

लाल आणि निळे ठिपके तांदळात डाळ मिसळावी तसे मिसळले होते.

"म्हणजे पुडीचा उपयोग नाही," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"तसं म्हणायला हरकत नव्हती. पण आता रंग विसर आणि नुसता आकार बघ." मॅडमनी एक कळ दाबली. रंग गेले. राखाडी ठिपक्यांचे दोन पुंजके उरले: एक मोठा खाली, एक लहान वर आणि दूर. "हे वरचे. इथे पेशींची संख्या फुगलेली आहे आणि त्यांची गिळायची भूक मेलेली आहे. विण्याच्या दिवशी असं झालं तर मी समजू शकते. पण ही चौदा नंबर बघ, व्यायला अजून एकवीस दिवस आहेत. ही बारा नंबर, विऊन तीन आठवडे झालेत. यांनी असं वर जाऊन बसायचं कारण काय?"

थोरली पडद्याजवळ वाकली.

"घाबरलेल्या जनावराचं रक्त असं दिसतं," मॅडम म्हणाल्या. "वीस मिनिटं ओढाताण केलेल्या. तुझे आकडे दोन वेगळ्या गोठ्यांतून आल्यासारखे आहेत. गाय धरत कोण होतं?"

"मदतनीस."

"ते वाचलं मी. साठ वेळा वाचलं. एकच होता का?"

बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते लांब जाईपर्यंत थोरलीने वाट पाहिली.

"नाही."

मॅडमनी चष्मा काढला. त्या रागावल्या नव्हत्या, हे जास्त अवघड होतं. "मग घोडं तिथेच पेंड खातंय. हे बघ, धरणाऱ्याप्रमाणे नळ्या वेगळ्या करता आल्या तर काम उभं राहील. आणि मला तर वाटतं, पुडीपेक्षा धरणाऱ्याचाच फरक मोठा निघेल. तोही निष्कर्षच आहे, तोही लिहायचा. पण नळ्या मनाने वगळता येत नाहीत. प्रत्येक नळीपुढे नाव, सही, आणि माणूस का बदलला त्याचं कारण. मागाहून भरलं असं वर स्पष्ट लिहायचं. सोमवारपर्यंत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर साठ नळ्या धुऊन ठेव. पुढच्या वेळी कामाला येतील."

स्कूटरवरून घरी येताना थोरलीच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आकडे खोटे नव्हते. आकडे इतके खरे होते की तिच्या मनातलं त्यांनी कागदावर काढलं होतं. वरचा तो लहान पुंजका. ज्या ज्या दिवशी तिच्या पोटात दुखलं होतं, त्या त्या दिवसाचा एकेक ठिपका.

संध्याकाळची धार झाली होती. धाकटी दुधाच्या खोलीत गाळणं पिळत होती. खोलीत गरम दुधाचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता. थोरलीने वही टेबलावर ठेवली.

"थोडा वेळ आहे तुला?"

"आहे की." धाकटीने हात पुसले. "काय झालं ताई? चेहरा उतरलाय."

"कोणत्या दिवशी गाय कोणी धरली होती ते लिहायचं राहिलंय. तुला काही आठवतं का?"

आपल्या आवाजात मेहेरबानी मागितल्याचा सूर आहे, हे थोरलीला कळत होतं. धाकटीने वही आपल्याकडे ओढली नाही. ती फक्त स्टुलावर बसली.

"विचारा."

"चौदा नंबर. विण्याच्या एकवीस दिवस आधी."

"आत्याबाई. तेव्हा हे होते. तिने ह्यांच्या बनियनची बाही चावली होती, शिवलीय मी ती."

"सात दिवस आधी?"

"मी."

"त्या दिवशी?"

"मी. वार पडायची राहिली होती म्हणून तुम्ही थांबला होतात. तुम्हाला उशीर होत होता."

"बारा नंबर, शेवटचं?"

"हे."

असं साठ वेळा. धाकटी अडखळली नाही. कोणत्या दिवशी कोणतं वासरू लंगडत होतं, कोणत्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, कोणत्या दिवशी थोरलीच्या हातमोज्याला भोक पडलं होतं, हे सगळं तिच्याकडे होतं. थोरली लिहीत गेली. पानाच्या कडेला ती दोन उभ्या ओळींत रेघोट्या मारत होती. संपल्यावर तिने त्या मोजायला घेतल्या.

"सतरा," धाकटी म्हणाली.

थोरलीने मान वर केली.

"मी नव्हते ते सतरा. त्यातल्या तीन वेळा मी माहेरी होते, आईचे डोळे दाखवायला." तिने गाळणं दोरीवर नीट पसरलं, त्याची टोकं सरळ केली. "चौदा वेळा कॅन धुतले."

दुधाच्या टाकीतलं यंत्र चालू झालं आणि थोड्या वेळाने बंद पडलं.

"मोजत होतीस?"

"मोजायला काय बसले नव्हते मी. राहतं लक्षात." मग ती म्हणाली, "पहिल्यांदा वाटलं, माझ्या हाताला वास येत असेल. कांद्याचा, साबणाचा. तुमच्या नळीला चालत नसेल. म्हणून मग मी येण्याआधी राखेने हात घासायचे. तरी कधी बोलवायचात, कधी नाही. मला काही ताळमेळ लागेना. आता तुम्ही म्हणाल शिकली असती तर लागला असता."

थोरलीने वही सरळ केली.

"इथे काय लिहायचंय?" धाकटीने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"माणूस का बदलला, त्याचं कारण."

धाकटीने ते ऐकून घेतलं. बोट तिथेच राहिलं. नखाच्या कडेला पेंडीची पूड अडकली होती.

"लिहा, धाकटीला दुसरं काम होतं," ती म्हणाली. "खोटं नाही ते. तुम्हीच दिलं होतंत."

पेन थोरलीच्या हातात होतं. चार शब्द होते. कुणीही ते उलटतपासले नसते. मॅडमनी ते वाचून पान उलटलं असतं, काम उभं राहिलं असतं, घरात कुणाला काही कळलं नसतं. आणि समोरची बाई ते चार शब्द स्वतःहून देत होती, एखाद्याला दारात अडखळताना पाहून हात पुढे करावा तसे. यातही तिचा हात आधी पोचला होता. थोरलीच्या घशाशी तीच जुनी कडवट चव आली. अशा वेळीसुद्धा आली, याचं तिला नवल वाटलं.

तिने पहिल्या ओळीपुढे लिहिलं, अक्षर लहान पण सुटं: 'नेहमीची धरणारी गोठ्यात हजर होती. मी बोलावले नाही.'

दुसऱ्या ओळीपुढे तेच लिहिलं. तिथे 'वरीलप्रमाणे' म्हटलं तरी चाललं असतं. तिने चौदाही वेळा पूर्ण लिहिलं. माहेरच्या तिन्हींपुढे 'धरणारी परगावी' असं लिहिलं. पानाच्या माथ्यावर तारीख घालून 'मागाहून भरले, धरणारीच्या आठवणीवरून' अशी ओळ टाकली. तोवर धाकटी ओठ हलवत, बोट फिरवत, एकेक ओळ वाचत होती. चौदाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं, तसंच मागे पहिल्या ओळीपर्यंत गेलं, आणि मग तिने हात मांडीवर घेतला.

"हे तुमच्या मॅडम वाचणार?"

"मॅडम वाचणार, आणखी तिघं वाचणार. नंतर ग्रंथालयात राहणार."

"बापरे," धाकटी हळूच म्हणाली. मग म्हणाली, "अक्षर छान आहे तुमचं. हे मला आधीपासून वाटायचं."

थोरलीने वही तिच्याकडे फिरवली. "इथे सह्या लागतील. तुझ्या त्रेचाळीस. भाऊजींच्या सकाळी घेईन."

"पूर्ण नाव लिहू?"

"पूर्ण."

धाकटीने पेन हातात घेतलं, जरा उंच धरलं, मग खाली आणलं. शेवटची सही तिने कधी केली असेल, थोरलीला आठवेना. लग्नाच्या नोंदीच्या वेळी असेल. ती एकेक अक्षर कोरत होती, जीभ किंचित दातांत धरून. चौथ्या सहीला टेबलावरच्या ओलीवरून वही घसरली आणि रेघ वाकडी झाली.

"खराब झाली."

"चालेल."

पाचवीलाही वही सरकली. थोरलीने स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसली. तिने वहीच्या वरच्या कडेवर हात ठेवला, दाबला नाही, फक्त ठेवला. वही हलायची थांबली.

"अजून किती?" धाकटीने विचारलं.

"अडतीस," थोरली म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.